‘मे हॅव’ की ‘माइट हॅव’? : बातमीतला माणूस जिवंत आहे का?

आज आपण इंग्रजी बातम्यांमधल्या काही नेहमीच्या चुका पाहू. स्पेलिंगच्या चुका सोडून देऊ. त्या वाचकाला लगेच दिसतात. ज्या दिसत नाहीत, त्याच घात करतात.

अपघाताच्या बातमीतलं एक वाक्य घ्या : ‘अ हेल्मेट मे हॅव सेव्ह्ड हिज लाइफ.’ याचा अर्थ काय? हेल्मेटमुळे तो वाचला असेल. म्हणजे माणूस जिवंत आहे! पण बातमी असते त्याच्या मृत्यूची. बातमीदाराला म्हणायचं असतं, हेल्मेट असतं तर तो वाचला असता. तिथे ‘माइट हॅव’ हवं. ‘असेल’ आणि ‘असता’ यांत आपल्या घरातलं लहान मूलही घोटाळा करत नाही. इंग्रजी लिहिताना मात्र आपण दोन्हींना ‘मे हॅव’ लावून मोकळे होतो.

दुसरा शब्द ‘रिफ्यूट’. मंत्र्यांनी आरोप ‘रिफ्यूट’ केले, असं आपण सर्रास वाचतो. प्रत्यक्षात ते फक्त ‘हे खोटं आहे’ एवढंच म्हणालेले असतात. ते झालं ‘डिनाय’, म्हणजे नाकारणं. ‘रिफ्यूट’ म्हणजे पुरावा देऊन खोडून काढणं. कुणी म्हणेल, शब्दकोशात ‘नाकारणे’ हाही अर्थ आता मिळतो. मिळतो, खरं आहे. पण ‘खोडून काढणे’ हा अर्थही मेलेला नाही, आणि वाचक कोणता घेईल हे आपल्या हातात नसतं. ‘असोसिएटेड प्रेस’ या वृत्तसंस्थेची शैलीपुस्तिका म्हणूनच हा शब्द टाळायला सांगते : त्यात आरोप खोटा ठरल्याचा निवाडा बातमीदारच देऊन बसतो. मग आरोप करणारा आपोआप खोटारडा ठरतो.

क्रियापदांच्या रूपांचंही तेच. फोटो भिंतीवर ‘हंग’ होतो. फाशी दिलेल्या माणसासाठी रूढ रूप ‘हँग्ड’. मृतदेह रस्त्यावर पडला होता, तर ‘लाय’चा भूतकाळ ‘ले’. ‘लेड’ लिहिलंत तर कुणीतरी काहीतरी ठेवलं, असा अर्थ निघतो.

यावर आमचा साधा उपाय आहे. शंका आली की ते वाक्य मनात मराठीत म्हणून बघा. असेल की असता? नाकारलं की खोडून काढलं? पडला की ठेवला? उत्तर बहुतेक वेळा तिथेच मिळतं. शेवटी त्या वाक्यात कुणाचा तरी जीव असतो, नाहीतर अब्रू.