मोटारसायकलीचे पुढील निलंबन

मोटारसायकलीचे पुढील निलंबन : मोटारसायकलीचे पुढचे चाक व सांगाडा यांना स्थितिस्थापक रीतीने जोडणारी यंत्रणा. रस्त्याचे धक्के चालकापर्यंत पोहोचू न देणे हे तिचे कार्य म्हणून सांगण्यात येते. परंतु टायर रस्त्याला सतत टेकलेला ठेवणे हे तिचे अधिक महत्त्वाचे कार्य होय. चाक अधांतरी असेपर्यंत गाडीचा वेग रोखता येत नाही व दिशाही बदलता येत नाही. लांब पल्ल्याच्या गाडीवर सहप्रवासी व सामान यांचा भार पडत असल्याने मूळ यंत्रणेत सुधारणा करण्याची व तिची जुळणी करण्याची गरज विशेष भासते.

प्रारंभीच्या गाड्यांत गर्डर पद्धतीचा काटा (फोर्क) असे. बीएमडब्ल्यू कंपनीने १९३५ मध्ये आर-१२ या गाडीवर द्रवीय अवमंदन असलेला टेलिस्कोपिक, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा, फोर्क बसविला व दुसऱ्या महायुद्धानंतर हाच प्रकार सर्वत्र रूढ झाला. प्रत्येक नळीत एक मळसूत्री स्प्रिंग, ठराविक तेल व तेलाच्या वर कोंडलेली हवा असते. स्प्रिंग ऊर्जा साठविते, तर छिद्रांतून ढकलले जाणारे तेल ती उष्णतेत रूपांतरित करून आंदोलने शमविते. महाराष्ट्रात हा उद्योग चांगलाच रुजला आहे. गॅब्रिएल इंडिया (स्थापना १९६१) ही कंपनी चाकण येथे, तर १९८५ मध्ये स्थापन झालेली एंड्युरन्स टेक्नॉलॉजीज ही कंपनी छत्रपती संभाजीनगरनजीक वाळूज येथे निलंबनाचे भाग तयार करते.

जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातील आष्टी व तिच्या आसपासचा गोदावरीकाठचा प्रदेश बेसाल्टापासून झालेल्या काळ्या मृदेचा आहे. या मृदेतील माँटमोरिलोनाइट गटाची खनिजे पावसाळ्यात पाणी शोषून फुगतात व उन्हाळ्यात आकसतात. अशा जमिनीवर पुरेसा पाया न घालता केलेला डांबरी रस्ता लाटांप्रमाणे उंचसखल होतो, त्याच्या कडा तुटतात व खड्डे पडतात. लाटांवर फोर्क सावकाश पण लांबवर हलतो. खड्ड्याच्या कडेवर तो थोडाच पण अतिशय वेगाने हलतो. या दोन गरजा परस्परविरोधी असून जुळणीची खरी कसोटी येथेच लागते.

स्प्रिंग व पूर्वभार : गाडीच्या व चालकाच्या भाराने फोर्क जेवढा दबतो त्याला बसाव म्हणता येईल. फोर्क पूर्ण सुटा असताना उघड्या नळीची लांबी मोजतात. नंतर चालक व नेहमीचे सामान यांसह पुढचा भाग एकदा खाली दाबून हळूच सोडतात व एकदा वर उचलून हळूच सोडतात. या दोन मापांची सरासरी पहिल्या लांबीतून वजा केली म्हणजे बसाव मिळतो. दोन मापांतील फरक नळ्यांमधील घर्षण दाखवितो. हा फरक मोठा असल्यास प्रथम नळ्यांची समांतरता तपासावी. बसाव एकूण हालचालीच्या २५ ते ३० टक्के असावा. उदा., २०२१ च्या क्लासिक ३५० या गाडीत ती हालचाल १३० मिमी. असल्याने बसाव ३३ ते ३९ मिमी., तर २०१६ च्या हिमालयन गाडीत २०० मिमी. असल्याने ५० ते ६० मिमी. येतो.

स्प्रिंगेवरील पूर्वभार वाढविल्याने स्प्रिंग कडक होते हा समज सार्वत्रिक असला, तरी चुकीचा आहे. पूर्वभाराने केवळ गाडीची उंची बदलते. दर मिलिमीटरला लागणारे बल बदलत नाही. ते बदलण्यासाठी स्प्रिंगच बदलावी लागते. चालकासह २७० किग्रॅ. वस्तुमानाची, १.४ मी. चाकांतर व ०.६ मी. गुरुत्वमध्याची उंची असलेली गाडी दर सेकंदास ५ मी./से. या प्रमाणात मंदावली, तर पुढील चाकावर सु. ५८० न्यूटन जादा भार येतो. प्रत्येकी ६ न्यूटन/मिमी.च्या दोन स्प्रिंगा त्यामुळे सु. ४८ मिमी. दबतात, ८ न्यूटन/मिमी.च्या असल्यास सु. ३६ मिमी. (फोर्काचा कल व कोंडलेली हवा येथे विचारात घेतलेली नाही). आधीच बसाव जास्त असलेल्या गाडीत अशा वेळी खड्ड्यासाठी हालचाल जवळजवळ उरत नाही.

तेल व अवमंदन : स्वस्त फोर्कांत तेल स्थिर छिद्रांतून जाते. त्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाल्यास तो सु. चौपट होतो. परिणामी ब्रेक लावताना गाडी पुढे झुकते आणि खड्ड्याच्या कडेवर मात्र हातांना हिसका बसतो. जाड तेल घातल्याने पहिला दोष कमी होतो, पण दुसरा वाढतो. यावर उपाय म्हणून अवमंदन दांड्याच्या माथ्यावर, स्प्रिंगेखाली, स्प्रिंगयुक्त झडप बसवितात व दांड्यातील संपीडनाची छिद्रे मोठी करतात. वेगवान धक्क्याला झडप उघडून तेलास वाट देते. उलट दिशेचे अवमंदन मात्र तेलाच्या श्यानतेवरच अवलंबून राहते. डब्यावरील ५डब्ल्यू, १०डब्ल्यू हे अंक निरनिराळ्या कंपन्यांचे सारखे नसतात. म्हणून ४०° से. तापमानाची शुद्धगतिक श्यानता पाहणे इष्ट.

तेलाची पातळी स्प्रिंग काढून, फोर्क पूर्ण दाबून, नळीच्या काठापासून मोजतात. पातळी वाढविली की कोंडलेल्या हवेचे आकारमान घटते व हालचालीच्या शेवटच्या टप्प्यात विरोध झपाट्याने वाढतो. हा बदल एका वेळी ५ ते १० मिमी.पेक्षा अधिक करू नये. उलट दिशेचे अवमंदन अतिरिक्त झाल्यास लागोपाठच्या उंचवट्यांवर फोर्क पूर्ववत होण्याआधीच पुन्हा दबतो व हळूहळू खाली बसतो. ते अपुरे असल्यास चाक उड्या मारते. भारतात १२५ घ. सेंमी.वरील सर्व नव्या दुचाकींना १ एप्रिल २०१९ पासून एबीएस बंधनकारक आहे; परंतु उड्या मारणाऱ्या चाकावर ही यंत्रणा ब्रेकचा दाब वारंवार सोडते व थांबण्याचे अंतर वाढते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा फेरबदल करता येत नाही. दुसऱ्या गाडीचा संपूर्ण फोर्क बसविल्यास चाकांतर व सुकाणूची भूमिती बदलते; त्यापेक्षा मूळ नळ्यांतच स्प्रिंगा व झडपा बदलणे श्रेयस्कर.

काळ्या मृदेची बारीक धूळ व वाळलेला चिखल तेलरोधक कड्यांना घातक ठरतो. नळ्यांवर रबरी भाते चढविल्यास कड्यांचे आयुष्य वाढते, मात्र भात्यात साचलेला ओलावा वेळोवेळी पुसावा लागतो. कडे फाटून गळणारे तेल ब्रेकच्या चकतीवर उतरल्यास घर्षण नाहीसे होते. अशा वेळी कडे बदलण्याबरोबरच ब्रेकचे पॅडही बदलावे लागतात.