पाण्याखालच्या गुहेत

कन्हान नदीच्या काठी ज्यांचे बालपण गेले, त्यांना उन्हाळ्यातील तिचे रूप सांगावयास नको. सातपुड्यातून पुराचे लोंढे घेऊन येणारी ही नदी चैत्र-वैशाखात वाळूच्या विस्तीर्ण पात्रात एखाद्या ओढ्याएवढी होऊन राहते. डोहांत मात्र पाणी असते, आणि तेही इतके नितळ की तळाचे खडे मोजून घ्यावेत. अशाच एका डोहात आम्ही मुले डुंबत असता माझ्या हातून पितळेची गडवी निसटली. कमरेएवढ्या पाण्यात ती तळाशी स्पष्ट दिसत होती. ती काढण्यासाठी आम्ही पाच-सहा जण एकदम धावलो आणि क्षणार्धात पाणी गढूळ झाले. गडवी तर दिसेनाच, पण पाण्यात बुडविलेला स्वतःचा हातही दिसेना! जितके अधिक शोधावे तितका गाळ अधिक उठे. काठावर जाळे सांधीत बसलेला एक वृद्ध ढिवर हे पाहत होता. "पोट्टेहो, पहिले बाहेर निंगा. पान्याले जरा बसू द्या," तो म्हणाला. अर्ध्या घटकेने पाणी निवळले. मग तो एकटाच पाण्यात शिरला, पाय तळाला न टेकविता आडवा होऊन हलकेच पुढे सरकला आणि गडवी घेऊन आला.

आमची हरवली होती ती केवळ गडवी. पण जगात काही पाणबुडे अशा ठिकाणी उतरतात, की तेथे पाणी ढवळले तर प्राणच गमवावा लागतो. ते ठिकाण म्हणजे पाण्याने भरलेल्या गुहा.

पावसाच्या पाण्यात हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड मिसळून ते किंचित आम्लधर्मी होते. असे पाणी चुनखडीच्या खडकात झिरपले, की खडक कणाकणाने विरघळतो आणि हजारो वर्षांत त्यात गुहा तयार होतात. आपल्या महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. तो असा विरघळत नाही. अजिंठा-वेरूळची लेणी माणसाने कोरली, पाण्याने नव्हे. मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पात मात्र चुनखडीच्या गुहांचे प्रचंड जाळे आहे. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्राची पातळी आजच्याहून सुमारे १२० मीटर खाली होती. त्या काळी या गुहा कोरड्या होत्या. छतातून ठिबकणाऱ्या पाण्यातील चुना साचून तेथे अधोमुखी व ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ वाढले. पुढे बर्फ वितळले, समुद्र वर आला आणि गुहा बुडाल्या. कोरड्या गुहेतील स्तंभ मोडला, तर निदान त्या जागी थेंब पडत राहतात. बुडालेल्या गुहेत ठिबकणेच थांबलेले असते; तेथे मोडलेला स्तंभ पुन्हा कधीच वाढत नाही.

या गुहांच्या तळाशी पिठाहूनही बारीक गाळ पसरलेला असतो. पाण्याला प्रवाह नसेल, तर एकदा उठलेला गाळ तासन्‌तास खाली बसत नाही. नदीत गोंधळलेला माणूस डोके वर काढून श्वास घेऊ शकतो. गुहेत डोक्यावर खडकाचे छत असते. दिवा हातात असूनही काही दिसत नाही, आणि पाठीवरच्या टाकीतली हवा तर संपतच असते.

यावर उपाय काय? उपाय मुख्यतः पायांचा आहे. सामान्य पोहणारा पाय वर-खाली मारतो. त्यामुळे पाणी खाली ढकलले जाऊन तळावर आदळते व गाळ उसळतो. गुहेतील पाणबुड्या प्रथम आपले शरीर तळाशी समांतर, आडवे ठेवावयास शिकतो. गुडघे वाकवून तो पावले पाठीहून उंच धरतो. मग पायांतील रबरी पर बाजूंना फाकवून तो ते बेडकाप्रमाणे मागे मिटवितो. पाणी सरळ मागे जाते आणि तळाचा कणही हलत नाही. एक ढकल दिली की तो थांबतो व मिळालेल्या गतीवर पुढे सरकत राहतो. जेथे वाट अगदी अरुंद असते, तेथे तो पाय मुळीच न हलविता दोन बोटांनी खडकाचा हलका आधार घेऊन पुढे सरकतो. लवणस्तंभाला मात्र तो बोट लावीत नाही.

पण माणूस पाण्यात मधोमध तरंगत राहतो कसा? आर्किमिडीजचा सिद्धान्त तुम्ही शिकला असाल. पाण्यात बुडालेली वस्तू जितके पाणी दूर सारते, तितक्या पाण्याच्या वजनाएवढा जोर तिला वर उचलतो. पाणबुड्या शिशाची वजने व हवेची पिशवी यांच्या साहाय्याने हा तोल साधतो. पुढचे काम त्याचा श्वासच करतो: श्वास घेतला की तो वीतभर वर येतो, सोडला की खाली जातो. हात हलविण्याचे कारण उरत नाही. हे ऐकावयास सोपे वाटते. परंतु जागच्या जागी न हलता तरंगणे साधण्यासाठी आधी उघड्या पाण्यात कित्येक दिवस सराव करावा लागतो. सोडलेल्या हवेचे बुडबुडेही छताचे कण पाडतात, म्हणून नाजूक छताखाली जाणता पाणबुड्या रेंगाळत नाही.

एवढ्यावरही तो विसंबून राहत नाही. गुहेच्या तोंडापासून तो दोरी सोडीत जातो आणि हवेचे तीन भाग करतो: एक जाण्यास, एक येण्यास व एक संकटासाठी राखीव.

या दोरीचे मोल २०१८ साली साऱ्या जगाने पाहिले. थायलंडमधील थाम लुआंग गुहेत २३ जून रोजी ११ ते १६ वर्षांची बारा मुले व त्यांचा फुटबॉल शिक्षक पुराच्या पाण्यामुळे अडकले. ती तुमच्याच वयाची मुले! २ जुलै रोजी रिचर्ड स्टँटन व जॉन व्होलँथन हे ब्रिटिश पाणबुडे त्यांच्यापर्यंत पोहोचले. पाणी उपसण्याच्या कामी सल्ला देण्यास आपल्या पुण्याच्या किर्लोस्कर ब्रदर्स या कंपनीचे तज्ज्ञ गेले होते. येथे गाळ पुरानेच आणला होता. कितीही जपून पोहले तरी पाणी निवळणार नव्हते. दोरी चाचपडतच पुढे जावयाचे! हवेच्या टाक्या पोहोचवून परतताना समन कुनान हा थाई पाणबुड्या ६ जुलै रोजी मृत्यू पावला. ८ ते १० जुलै या तीन दिवसांत सर्व तेरा जण सुखरूप बाहेर आले.

युकातानच्या गुहांकडे पुन्हा एकदा वळू. २००७ साली तेथील एका खोल, बुडालेल्या विवरात पाणबुड्यांना प्राचीन प्राण्यांच्या हाडांबरोबर एका मुलीचा सांगाडा सापडला. ती पंधरा-सोळा वर्षांची असावी. बारा हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, गुहा कोरडी असताना, ती अंधारात त्या विवरात पडली असावी असे शास्त्रज्ञ मानतात. ग्रीक कथांतील जलदेवतांवरून तिला 'नाया' हे नाव मिळाले. ज्यांनी तिला प्रथम पाहिले, त्यांनी कशालाही हात न लावता छायाचित्रे घेतली व शास्त्रज्ञांना कळविले. पुढे परवानगीवाचून तेथे उतरलेल्या लोकांमुळे काही हाडे हलली, काहींना इजा झाली. तेव्हा तिची कवटी व इतर हाडे पाण्याबाहेर काढून सुरक्षित ठेवणे शास्त्रज्ञांना भाग पडले.