मजुरी वाढली तरी पुरत का नाही: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मजुरीचा आकडा वाढला म्हणजे मजुराचे बरे चालले, हा सर्वांत जुना गैरसमज. महाराष्ट्रात रोजगार हमीची दिवसाची मजुरी २०२१-२२ मध्ये २४८ रुपये होती, ती २०२२-२३ मध्ये २५६ झाली. ही वाढ ३.२ टक्क्यांची; त्या वर्षी देशातील किरकोळ महागाई मात्र सरासरी ६.७ टक्के होती. कर्जत-खालापूरच्या वाड्यांतून या कामावर गेलेल्याच्या हातात आठ रुपये जास्त आले, पण बाजारात त्याला मिळणारा माल कमी झाला. पुढे महागाईचा दर उतरला तरी भाव उतरत नाहीत, फक्त सावकाश चढतात.

ही मजुरी महागाईच्या निर्देशांकाला जोडलेली आहे, म्हणून भरपाई आपोआप होते, असेही मानले जाते. पण तो शेतमजुरांचा निर्देशांक २०२५ पर्यंत १९८६-८७ च्या पायावरच चालला. त्यामागचा घरखर्चाचा नमुना १९८३ चा. मोबाइलचे रिचार्ज त्यात येणार कुठून?

गावात राहणे स्वस्त, हे अर्धेच खरे. घरभाडे वाचते, पण गॅस, तेल आणि औषधे जवळजवळ शहराच्याच भावाने घ्यावी लागतात. खोपोलीच्या कारखान्यात काम असेल तर रोजचे रिक्षाभाडे वेगळे.

किमान वेतन ठरले की ते सर्वांना मिळते, हा गैरसमज सर्वांत महागात पडतो. या भागातील अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाआधी परततात. पावसाळ्यात हाताला काम नसताना त्यांनी भट्टीवाल्याकडून उचल घेतलेली असते. मजुरी हजार विटांमागे, नवरा-बायकोच्या जोडीची मिळून धरतात आणि आठवड्याला फक्त खर्ची हातात देतात. दर एकदा ठरला की हंगामभर तोच राहतो. डाळ-तेल महागले की खर्ची वाढवून मागावी लागते, ती हिशेबात वळती होते, उचल फिटत नाही आणि पुढच्या वर्षीही त्याच भट्टीवर जावे लागते. महागाईचा सगळा भार असा मजुरावर पडतो.

हे नशीब नव्हे, कायद्याचा भंग आहे. काम नगावर असले तरी दिवसाची कमाई किमान वेतनाखाली जाता कामा नये. त्याहून कमी पैशांत करवून घेतलेले काम ही सक्तीची मजुरी ठरते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात दिला. उचल फेडण्यासाठी राबवून घेणे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. त्याची तक्रार तहसीलदार किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे करता येते.