शाळेतला बाजार, सकाळी नऊपासून

सकाळी नऊ
शाळेच्या वाटेवर आधी किराणा दुकान. काकांनी कालच चिल्लर बांधून ठेवली आहे. पाचशेच्या दोन नोटा देऊन मी ती ताब्यात घेते. आज दुपारी आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या अंगणात मुलांचा बाजार भरणार आहे. मोठी माणसं येताना शंभर-पाचशेच्या नोटा घेऊन येतात, आणि मोड नसली की पहिल्या दहा मिनिटांतच बाजार अडतो. म्हणून प्रत्येक विक्रेत्याला पन्नास रुपयांचे सुटे असलेली एक डबी द्यायची: एकची पाच नाणी, दोनची पाच, पाचची तीन, दहाची दोन. संध्याकाळी हे पन्नास आधी बाजूला काढायचे आणि मग नफा मोजायचा.

खेळण्यातल्या नोटा मी वापरत नाही. त्या चुकल्या तरी काही बिघडत नाही, हे पहिलीच्या पोराला पक्कं ठाऊक असतं. खरं नाणं हातात आलं की तेच पोर मूठ घट्ट आवळतं.

अकरा
परिपाठ उरकून पहिली-दुसरीची मुलं ओसरीवर गोलात बसली आहेत. मधोमध नाणी पसरली आहेत. "यातलं सगळ्यात जास्त पैशांचं नाणं कोणतं?" दहाचं लगेच सापडतं, कारण त्याला दोन रंग आहेत. पुढे गाडी अडते. दोनचं नाणं आणि पाचचं नाणं शेजारी ठेवलं की निम्मी बोटं दोनकडे वळतात. त्यात मुलांचा दोष नाही. 2011 च्या मालिकेत दोनचं नाणं 25 मिलिमीटरचं आहे आणि पाचचं 23 मिलिमीटरचं. वस्तू मोठी तर मोल जास्त, हे मूल खाऊच्या वाटणीत शिकलेलं असतं. आता तेच त्याला सोडून द्यायचं असतं.

इथे सांगून भागत नाही, अदलाबदल करावी लागते. पाचच्या नाण्यासमोर एकेकची पाच नाणी मांडायची. मग त्यातली दोन उचलून तिथे दोनचं एक नाणं ठेवायचं, आणखी दोन उचलून आणखी एक. "आता बरोबरी आहे का?" एक मुलगी नाण्यांवरून बोट फिरवत पुटपुटते, "दोन, चार, पाच," आणि मान डोलावते. तिच्या शेजारचा मुलगा मात्र "तीनच तर आहेत" म्हणून हटून बसतो. तो नाणी मोजतोय, रुपये नाही. पैसे शिकण्यातला पहिला मोठा उंबरठा हाच, आणि तो ओलांडायला कुणाला आठवडा लागतो, कुणाला अख्खं सत्र. घाई केली की मूल पाठ करून मोकळं होतं.

नोटांची ओळख सोपी जाते. वीसच्या नव्या नोटेमागे आपलं वेरूळ आहे, एवढं सांगितलं की नोट हातोहात फिरते. भाषांच्या पट्टीत वरून आठवी ओळ मराठीची. वाचता येऊ लागलेली मुलं ती शोधून "वीस रुपये" असं मोठ्याने वाचतात.

बारा
तिसरीच्या मुलांना वजाबाकी येते. पन्नासातून बारा गेले किती, तर पाटीवर उसना घेऊन अडतीस लिहितात. पण समोर खरी पन्नासची नोट धरली आणि बारा रुपयांची पेन्सिल मागितली, की हात गल्ल्यात तसाच राहतो. अडतीस ही संख्या सापडली, पण अडतीस रुपये कसे उचलायचे ते सापडत नाही.

भाजीवाल्या मावशी पाटी मांडत नाहीत. त्या बारापासून पुढे चालत जातात. हातावर तीन रुपये ठेवतात, "पंधरा". पाच ठेवतात, "वीस". दहा, "तीस". वीस, "पन्नास". वजाबाकी कुठेच झाली नाही, आणि गिऱ्हाइकालाही हिशेब ऐकू आला. मी मुलांना हीच रीत आधी शिकवते आणि पाटीवरची मांडणी नंतर तिच्याशी जोडते. अनेक ठिकाणी क्रम उलटा असतो. मला तो पटत नाही.

सव्वा एक
पोषण आहाराची पंगत बसली आहे. वाढून होईपर्यंत थोडी उसंत मिळते.

बाजारची रीत आणि पाटीवरची मांडणी यांची जोडणी शाळेनेच का करायची, याला आधार आहे. ब्राझीलच्या रेसिफे शहरात तेरेझिन्या नुनेस, डेव्हिड कॅराहर आणि अनालुसिया श्लीमान यांनी रस्त्यावर विक्री करणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास केला आणि तो 1985 मध्ये प्रसिद्ध केला. गिऱ्हाईक म्हणून विचारलेल्या हिशेबांत मुलांची सुमारे 98 टक्के उत्तरं बरोबर आली. तशीच गणितं नुसत्या आकड्यांत कागदावर दिली, तेव्हा 37 टक्केच. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत केलेलं काम 2025 मध्ये 'नेचर'मध्ये आलं. बाजारात तोंडी हिशेब चोख करणारी मुलं शाळेच्या मांडणीत अडतात आणि शाळेत शिकणारी मुलं बाजारच्या हिशेबात, असं त्यातही दिसलं. म्हणजे एक आलं की दुसरं आपोआप येतं, हा भरवसा खोटा आहे. दोन्हींच्या मधला पूल बांधावाच लागतो.

दोन
अंगणात पोती अंथरली आहेत. मेथी, कोथिंबीर, लिंबं, शेंगदाण्याचे लाडू, भेळ. किमती मुलांनीच ठरवल्या आहेत. नियम दोनच: परत द्यायचे पैसे मोठ्याने मोजायचे, आणि सुट्याऐवजी चॉकलेट द्यायचं नाही.

पहिली भवानी मेथीवालीची होते. जुडी पंधराची. थोड्या वेळाने एक आजी तिच्यापुढे शंभरची नोट धरतात. मुलगी गल्ल्याकडे बघते, माझ्याकडे बघत नाही. पाचचं नाणं, "वीस." दहाचं, "तीस." एक वीसची नोट, "पन्नास." तेवढ्यात गल्ल्यात आलेली पन्नासची नोट काढते, "शंभर. आजी, मोजून घ्या." आजी खरोखरच मोजून घेतात. मोठ्यांनी असं मोजलं की मुलांना फार बरं वाटतं, कारण आपला व्यवहार खरा धरला गेला हे त्यांना कळतं.

लिंबं विकणाऱ्या मुलापाशी गाडं अडतं. बारा रुपये झालेत. एक मावशी वीसची नोट आणि वर दोनचं नाणं देतात. "मावशी, वीस पुरेत. हे दोन जास्त झाले." मावशी हसून म्हणतात, "अरे, बावीस घे नि दहा दे." तो गोंधळतो. मी पुढे होते, पण उत्तर देत नाही. "तुला पटेल तसं कर." तो दोनचं नाणं मावशींना परत देतो. वीसमधून बारा घेऊन आठ मोजतो: तीन, "पंधरा", पाच, "वीस". मग मावशींच्या तळहाताकडे बघत राहतो. दोन आणि आठ. "दहाच झाले की!" सगळं परत घेऊन तो दहाचं एक नाणं देतो. पुढच्या गिऱ्हाइकाला तोच विचारतो, "काका, वर दोन सुटे आहेत का?"

एका बाबांनी फोन काढून कोड कुठे आहे विचारलं. आज रोखच, असं मी नम्रपणे सांगितलं. माझा फोनला विरोध नाही, घरची खरेदी मीही तशीच करते. पण फोनने अचूक रक्कम जाते, परत काहीच येत नाही. त्यामुळे घरोघरची मुलं आता मोड मोजताना बघतच नाहीत. पूर्वी जे दुकानाच्या फळीवर आपसूक शिकून व्हायचं, ते आता मुद्दाम घडवून आणावं लागतं.

एक आजोबा मुलांना सोळा आण्यांचा रुपया समजावत बसले आहेत. 1 एप्रिल 1957 ला दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे चौसष्ट पैसे होत. पावकी-निमकी का घोकायची ते आता कळलं, असं चौथीतला एकजण म्हणतो.

साडेचार
डब्या उघडल्या. आधी पन्नास बाजूला, मग घरून आणलेल्या मालाचे पैसे, राहील तो नफा. भेळवाल्या जोडीला सात रुपये कमी पडतात. त्यांची वही काढून एकेक ओळ वाचून घेते. पाचची एक विक्री लिहून खोडलेली, दोघांनी मित्राला उधार दिलेली. उरलेले दोन सापडत नाहीत. "दोन रुपये कमी" असं वहीत लिहायला सांगते, माझ्या पर्समधून भरून देत नाही.

सहा
पालकांच्या गटावर निरोप टाकला: "उद्या मुलांना दुकानात पाठवताना रोख नोट द्या. सोबत गेलात तर मागे उभे राहा, उत्तर सांगू नका. किती परत आले आणि कोणकोणत्या नाण्यांत, ते मुलांनी परवा वर्गात सांगायचं आहे." पहिलं उत्तर लिंबंवाल्याच्या आईचं आलं: "बाई, तो आत्ताच निघालाय."