बत्तीस वेळा हात हलवून भागत नाही

पनवेल सोडलं की पळस्प्याला रस्ता फुटतो. एक फाटा खोपोलीवरून घाट चढून पुण्याला जातो, दुसरा पेण-महाडवरून गोव्याकडं. या टापूत कुणाच्या अंगावरून वारं गेलं, की गाडी कामोठ्याच्या एमजीएमकडं नाहीतर नवी मुंबईतल्या एखाद्या मोठ्या इस्पितळाकडं पळते. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, त्यामुळं ही घाई सगळ्यांना कळते. पेशंट घरी आल्यानंतरचे महिने मात्र कुणी मोजत नाही. व्हीआर, म्हणजे आभासी वास्तव, कामाला येतं ते या महिन्यांत.

लुळा पडलेला हात परत कामाला लावायचा तर तीच हालचाल पुन्हा पुन्हा करावी लागते. कॅथरिन लँग या अमेरिकी संशोधिकेनं सहकाऱ्यांसह व्यायामाची ३१२ सत्रं प्रत्यक्ष पाहिली आणि २००९ मध्ये हिशेब मांडला: हातानं काहीतरी उचलण्या-ठेवण्याचा सराव एका सत्रात सरासरी ३२ वेळा. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसतात ते रोजच्या शेकडो आवर्तनांनंतर. तोच पेला शेकडो वेळा उचलायला सांगितलं तर धडधाकट माणूसही वैतागेल.

इथं खेळ मदतीला येतो. डोळ्यांवर हेडसेट, नाहीतर समोर साधा पडदा. सेन्सर हात टिपतो आणि पेशंट झाडावरची फळं तोडू लागतो. खरा हात दोन इंच हलला तरी पडद्यावरचा चार इंच हलवता येतो, म्हणजे प्रयत्न वाया गेल्यासारखा वाटत नाही. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेल्या काहींचं डाव्या बाजूकडं लक्षच जात नाही. त्यांच्यासाठी फळं हळूहळू डावीकडं सरकवतात.

डोळ्यांना फसवून हात हलवण्याची ही कल्पना तशी जुनी. १९९९ मध्ये एरिक आल्टशुलर, व्ही. एस. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी पक्षाघाताच्या नऊ पेशंटांपुढं साधा आरसा ठेवला होता. चांगल्या हाताचं प्रतिबिंब बघत दोन्ही हात हलवायचे, एवढंच. पुढं हैदराबादेत जन्मलेल्या तेज ताडी यांनी २०१२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये व्हीआर उपचारांसाठी माइंडमेझ ही कंपनी काढली. २०१६ मध्ये हिंदुजा समूहाच्या पुढाकारानं तिच्यात १० कोटी डॉलर आले. आरशापासून इथवर यायला दोन दशकंही लागली नाहीत.

पैसा आला म्हणून गुण आला असं नाही. चार देशांतल्या १४ केंद्रांवर झालेल्या एव्हरेस्ट चाचणीत १४१ पेशंट होते. निम्म्यांना निन्टेन्डो वी हा व्हिडिओ गेम दिला, उरलेल्यांना पत्ते, बिंगो असले बैठे खेळ. २०१६ मध्ये निकाल आला: दोन्ही गट सुधारले, फरक जवळपास नाहीच. पत्त्यांचा कॅट आणि गेमिंगचं यंत्र एका पारड्यात! वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात ७२ चाचण्या होत्या. नेहमीच्या व्यायामाऐवजी व्हीआर दिलं तर हाताला जास्तीचा फायदा दिसला नाही. व्यायामाच्या जोडीला दिलं, म्हणजे एकूण वेळ वाढवला, तेव्हा दिसला. जाहिरातीत नेमका हाच तपशील गाळला जातो.

मुंबईतल्या एका लोकवस्तीवर डॉ. पी. एम. दलाल यांनी केलेल्या पाहणीत लाखामागं वर्षाला १४५ जणांना पहिला पक्षाघात झालेला आढळला. पळस्प्यासारख्या ठिकाणचा पेशंट आठवड्यातून तीनदा इस्पितळात जायचा म्हणजे रिक्षाचं भाडं आलं आणि सोबत जाणाऱ्याचा खाडा आला. अशा घरात हेडसेटपेक्षा टॅब्लेटवरचा खेळ जास्त उपयोगी पडेल, कारण तो रोज खेळता येतो. हेडसेटनं काहींना मळमळतं, चक्कर येते. तोल जाणाऱ्याला तो उभ्यानं लावून चालत नाही.

शिवाय गुण मिळवायच्या नादात पेशंट हात लांब करायचा सोडून कमरेतून पुढं झुकतो. गेम गुण देऊन मोकळा होतो. ती लबाडी शेजारी बसलेल्या फिजिओथेरपिस्टच्या नजरेला पडते, मग तो पेशंटची पाठ खुर्चीला टेकवून पट्टा बांधतो आणि फळ पुन्हा पहिल्यापासून तोडायला लावतो.