पोटरीतून गेलेली गोळी किती टक्क्यांची?

अमेरिकेत एखाद्या माजी सैनिकाच्या पोटरीतून कधीकाळी गोळी गेली असेल, तर त्याचा मासिक भत्ता ठरवताना तो आज किती लंगडतो एवढंच पाहत नाहीत. तेव्हाची जखम कशी होती, हेही विचारतात. गोळी आरपार गेली आणि स्नायू फाटला, तर इजा किमान ‘मध्यम’ धरायची, असा नियमच आहे. मेलेलं मांस कापावं लागलं, जखम चिघळली, इस्पितळात दीर्घकाळ पडून राहावं लागलं, की पायरी चढते. त्यामुळे युद्धकाळातला इस्पितळाचा एखादा पिवळा पडलेला कागद आजच्या तपासणीइतकाच मोलाचा ठरतो.

हा नियम ज्या नियमावलीतला, ती १९४५ सालची; पुढे ती अनेकदा दुरुस्त झाली. तिच्यात शरीरातले स्नायू २३ गटांत वाटले आहेत. पोटरीच्या गटाला इजेच्या चार पायऱ्यांनुसार ०, १०, २० किंवा ३० टक्के अपंगत्व मिळतं, आणि त्यावर भत्ता ठरतो. नितंबांच्या गटाला ०, २०, ४० किंवा ५०. शून्य टक्के म्हणजे इजा सेवेत झाली हे मान्य, पण तिच्यासाठी पैसे नाहीत!

स्नायूच्या इजेची लक्षणं सहा: ताकद घटणं, अशक्तपणा, लवकर थकवा, थकल्यावर दुखणं, हालचालींचा ताळमेळ बिघडणं आणि हालचालीचा भरवसा न राहणं. त्यांतली दोन थकव्याची आहेत, हे मला या नियमावलीतलं खरं शहाणपण वाटतं. डॉक्टरसमोर चार पावलं कुणीही नीट टाकेल. तासभर उभं राहिल्यावर काय होतं, ते तिथे दिसत नाही.

टक्क्यांची बेरीज मात्र शाळेतली नाही. दोन्ही पोटऱ्यांना २०-२० टक्के असतील तर ४० होत नाहीत. पहिल्या २० नंतर माणूस ८० टक्के ‘धड’ उरला, त्याचे २० टक्के म्हणजे १६, एकूण ३६. दोन्ही पाय अधू, म्हणून या ३६ चा दहावा भाग वर. झाले ३९.६, आणि जवळच्या दहावर नेले की ४०. एवढा वळसा घालून गाडी पुन्हा ४० वरच!

एकाच पायाला कमाल मर्यादाही आहे. गुडघ्याखालच्या सगळ्या इजांचे मिळून ४० टक्क्यांहून जास्त होत नाहीत, कारण तिथून पाय कापला तरी ४० च मिळतात. कागदावर हे तर्कशुद्ध आहे. पण कापलेल्या पायाला निदान कृत्रिम पाय बसवता येतो. रोज ठणकणाऱ्या पायासाठी या हिशेबात वेगळी जागा ठेवायला हवी होती.