न्यूट्रलमध्ये डिझेल वाचत नाही

हेवी लायसन झालं, पहिली नोकरी लागली की नव्या ड्रायव्हरला पहिल्याच घाटात एक सल्ला मिळतो: "उतार लागला ना? न्यूट्रल मार. डिझेल वाचतं." देणारा बहुधा वीस-वीस वर्षं स्टेअरिंगवर बसलेला असतो, त्यामुळे उलट प्रश्न विचारायची सोय नसते. ढाब्यावर, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसबाहेर हे इतक्यांदा ऐकलंय की आता चीड येते.

यामागचा हिशोब समजतो. अनेक मालक ट्रिपला डिझेल ठरवून देतात आणि उरेल ते ड्रायव्हरचं. भत्ता बेताचा, त्यामुळे लिटरभर उरलं तरी ते हवंच असतं. पण घाटात न्यूट्रल मारून ते उरतच नाही.

गाडी गिअरमध्ये आहे, पाय ॲक्सिलरेटरवरून उचललाय आणि चाकंच इंजिनाला फिरवताहेत, अशा वेळी बीएस-६ इंजिनाचा ईसीयू, म्हणजे त्याचा संगणक, डिझेलचा फवारा थांबवतो. एप्रिल 2020 पासून देशात विकले गेलेले नवे ट्रक याच पिढीचे. जुन्या पंपाच्या गाड्यांतही गव्हर्नर हेच काम करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःच्या जिवावर फिरावं लागतं आणि त्यासाठी डिझेल लागतं. हलक्या उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी जास्त लांब घरंगळते, हे खरं. काही महागड्या ऑटोमॅटिक ट्रकांत संगणक ते करतोही, पण उतार तीव्र झाला किंवा ब्रेक लागला की तोच गिअर परत घालतो. घाटात घरंगळण्याचा प्रश्न नसतो, गाडी आवरण्याचा असतो.

खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना गाडी सुमारे 500 मीटर खाली येते. 28 टनांच्या ट्रकची त्या उतारातली ऊर्जा जवळपास 400 लिटर पाणी उकळीला आणेल इतकी भरते. गिअरमध्ये असताना तिचा मोठा वाटा इंजिन आणि एक्झॉस्ट ब्रेक पेलतात. न्यूट्रलमध्ये हे दोघंही सुटतात आणि सगळा भार लायनर-ड्रमवर येतो. ड्रम तापून फुगतो, लायनरपासून लांब जातो, लायनरची पकडही घटते. पेडल दाबलं जातं, गाडी मात्र थांबत नाही. इंजिनच बंद केलं तर आणखी वाईट: कॉम्प्रेसर थांबतो, प्रत्येक दाबासरशी ब्रेकच्या टाकीतली हवा कमी होत जाते आणि पॉवर स्टेअरिंगही जड होतं.

दुसऱ्या दिवशी बातमीत "ब्रेक फेल" छापून येतं. 20 नोव्हेंबर 2022 ला पुण्यात नवले पुलावर एका ट्रकने अनेक गाड्यांना धडक दिली, तेव्हाही आधी ब्रेक फेलचंच बोललं गेलं. पुढे पोलिसांनी सांगितलं की डिझेल वाचवायला ड्रायव्हरने उतारावर इंजिन बंद केलं होतं. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून तिथवरचा उतार सगळ्या पुण्याला माहीत आहे, तरी सल्ला तोच!

मुरलेल्या ड्रायव्हरांचाच दुसरा एक नियम आहे, तो मात्र पाठ करावा: ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचं. तोही उतार लागण्याआधी घालायचा, कारण वेग वाढल्यावर भरलेल्या गाडीला खालचा गिअर पडत नाही आणि अडकून राहते ती न्यूट्रलमध्येच. एक्झॉस्ट ब्रेक चालू ठेवायचा. ब्रेकवर पाय टेकवून बसायचं नाही. दाबायचा, वेग उतरवायचा, सोडायचा.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. "साध्या लायसनवर छोटा टेम्पोही चालत नाही": चालतो. 6 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 7,500 किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला एलएमव्ही लायसन पुरेसं ठरवलं. त्यापुढे हेवी हवंच. "एसी केबिनमध्ये झोप लागते": झोप लागते ती अपुऱ्या झोपेमुळे आणि उकाड्याने थकल्यामुळे. म्हणून तर 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकांना एसी सक्तीचा आहे.

"ओव्हरलोड मालकाचा, आपल्याला काय?" दंड 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000. तो मालक भरेलही, पण केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या 21 व्या नियमात जादा माल वाहणं हे लायसन निलंबित करण्याचं कारण आहे, आणि लायसन मालकाचं नसतं.

"अपघात झाला की पळायचं, थांबलं तर जमाव मारतो." जमावाची भीती खोटी नाही, आणि कायद्यालाही ती ठाऊक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 मध्ये जखमीला मदत करण्याची सक्ती आहे. जमावाच्या रोषामुळे ते शक्य नसेल तर त्यातून सूट आहे. पोलिसांना कळवण्यातून सूट नाही. जवळचं ठाणं गाठायचं, उशिरात उशिरा 24 तासांच्या आत.